चार दहाची फेरी

बाहेर जायच्या दारातलं यंत्र तिला काही केल्या सोडेना. अणुवीज केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येकानं त्यात हात-पाय घालून उभं राहायचं. अंगाला किरणोत्सारी धूळ चिकटलेली नाही अशी यंत्राची खात्री पटली की मगच दार उघडायचं. पण तिनं हात घातले की लाल दिवा लागे आणि आतली ध्वनिमुद्रित बाई थंडपणे म्हणे, "कृपया नीट उभे राहा." तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा मागे कुणीतरी हसू दाबलं.

"बोटं टेकवायची असतात," मागचा म्हणाला. "भीतभीत हात पुढे केला तर त्याला वाटतं, माणूस काहीतरी लपवतोय."

"मी काही लपवत नाहीये."

"मला पटलं हो... पण त्याला पटायला हवं ना."

तिनं बोटं टेकवली. हिरवा दिवा लागला. पलीकडे जाऊन तिनं वळून पाहिलं — निळा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशाला दोन पेनं, आणि यंत्रात शाळकरी मुलासारखा ताठ उभा राहून तिच्याकडे बघत असलेला तो. तिला हसू आलं. ते लपवायला तिनं छत्री उघडली, तीही छपराखालीच.

आज इतक्या वर्षांनीही ती छत्री आठवली की तिला स्वतःचीच गंमत वाटते.

ती नियामक मंडळाची नवी निरीक्षक होती. यंत्रं तपासायला दुसरे लोक होते. तिचं काम माणसांचं. इथली माणसं चूक झाली तर सांगतात की दडपतात, वरिष्ठांना 'नाही' म्हणू शकतात की नुसत्या माना डोलावतात, हे सहा महिने इथे राहून बघायचं आणि लिहायचं. असल्या पाहुणीला कोण जवळ करणार? ती उपाहारगृहात शिरली की गप्पा थांबायच्या आणि टेबलं भराभर रिकामी व्हायची. एकटा तो बिनदिक्कत समोर येऊन बसायचा. दर चार तासांनी केंद्रभर फिरून पंपांचे, टाक्यांचे आकडे कागदावर उतरवायचे हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला 'फेरीवाला' म्हणत.

"लोक म्हणतात, तुमच्याशी बोललेलं सगळं रिपोर्टात येतं," तो म्हणाला.

"चुकीचं बोललेलं येतं."

"आणि गोड बोललेलं?"

"त्याला रकाना नाही."

"मग एक आखून घ्या की... पट्टी देऊ का?"

अशी चारच्या चहाची सवय लागली. तो पाच मिनिटं बसायचा, कप खाली ठेवायचा आणि चार दहाला तळघरातल्या पंपाच्या खोलीत पोचायचा. तो गेला की तिला चहा निवल्यासारखा वाटायचा. आपण घड्याळात पावणेचारपासून बघायला लागतो, हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी खिडकीवर बारीक पाऊस वाजत होता. आईनं तिच्यासाठी पसंत केलेल्या मुलाची ती नक्कल करून दाखवत होती. मुलानं पहिल्या भेटीत फक्त तिच्या दातांची चौकशी केली होती. तो डोळे पुसेपर्यंत हसला. मग हसता हसता त्याची नजर घड्याळावर गेली.

"चार पंचवीस," तो म्हणाला, आणि कप तसाच टाकून पळाला.

सहा वाजता पाळी बदलली. पुढच्या माणसानं तळघरातला पंप पाहिला तर त्यातलं तेल तळाशी गेलेलं. अणुभट्टीला थंड पाणी पुरवणारा तो राखीव पंप. लागलाच असता तर चार मिनिटांत जळून बसला असता. लागला नाही, एवढंच नशीब. पण चार दहाच्या कागदावर तेलाची पातळी 'अर्धी' लिहिलेली होती आणि खाली फेरीवाल्याची सही.

दुसऱ्या दिवशी तो कागद तिच्या टेबलावर आला. त्या खोलीच्या दाराचं कार्डाचं कुलूप आठवडाभर बिघडलेलं, त्यामुळे कोण आत गेलं याची नोंदच नव्हती. चार दहाला तो खाली नव्हता हे साऱ्या केंद्रात फक्त तिला ठाऊक होतं, कारण तेव्हा ती त्याला दात दाखवत होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

चौकशीला तिचे साहेब आले. त्याच्या पाळीप्रमुखांना सगळे काका म्हणत. ते मायेचे होते आणि त्यांनी त्याला सकाळीच बाजूला घेतलं होतं, हे त्यानं तिला पुढे कधीतरी सांगितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. दार उघडं होतं, गेलो आणि आलो, एवढंच म्हण. तेल काय, नंतरही गळू शकतं."

साहेबांनी विचारलं, "चार दहाला तुम्ही पंपाच्या खोलीत होतात?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तो 'हो' म्हणाला असता तर तिला त्याला खोटं पाडावं लागलं असतं, आणि मग चहा, गप्पा, सगळंच संपलं असतं. गप्प बसली असती तर ती निरीक्षक उरली नसती.

"नव्हतो," तो म्हणाला. "वर होतो. यांच्यासमोर. पंचवीसला उठलो, घाईत बाकीच्या खोल्या केल्या... तळघराच्या बेचाळीस पायऱ्या तेवढ्या टाळल्या. आधीच्या फेरीचा आकडा बघून तोच लिहिला."

साहेबांचं पेन थांबलं. "यांच्यासमोर?"

"हो," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

नियम असा होता की केंद्रातल्या कुणाशी निरीक्षकाचा काही संबंध असेल तर त्यानं तो लिहून द्यायचा आणि तिथून बदली घ्यायची. साहेबांनी फॉर्म पुढे केला. 'संबंधाचे स्वरूप' या रकान्यात तिनं लिहिलं — 'आजवर फक्त चहा. पण तो "नव्हतो" म्हणाला तेव्हा मला जो आनंद झाला, तो निरीक्षकाला होऊ नये इतका होता.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "इतकं सविस्तर नसतं तरी चाललं असतं."

"अर्धवट लिहिलेलं आपल्याला चालत नाही ना, साहेब."

त्याला सहा महिने फेरीवरून काढून वर्गात बसवलं, पुन्हा पहिल्यापासून शिकायला. रिपोर्ट तिनंच लिहिला, अक्षरही न गाळता. तिला दिवसभराच्या प्रवासावरचं दुसरं केंद्र मिळालं. "चांगला मुलगा सापडला, तर त्याच्याच नावानं रिपोर्ट केलास," आई कपाळाला हात लावून म्हणाली.

शेवटच्या दिवशी तो त्याच यंत्रापाशी भेटला.

"काय लिहिलंत माझ्याबद्दल?"

"झालं ते."

"आणि... गोड बोलण्याबद्दल?"

"त्याला रकाना निघाला," ती म्हणाली, आणि फॉर्मची घडी घातलेली प्रत त्याच्या हातात दिली.

त्यानं वाचलं. त्याचे कान लाल झाले. त्यानं यंत्रात हात घातले, आणि लाल दिवा लागला. "कृपया नीट उभे राहा," आतली बाई म्हणाली. त्याला काही नीट उभं राहता येईना. तिसऱ्यांदा तिनंच त्याची बोटं धरून टेकवली.

या गोष्टीलाही आता तीस वर्षं झाली. लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले. सहा महिन्यांनी तो पुन्हा फेरीवर गेला, पुढे नव्या लोकांना शिकवू लागला, आणि पहिल्या तासाला स्वतःचीच चूक सांगू लागला. फॉर्म कुठे ठेवलाय, असं तिनं विचारलं की तो अजूनही नुसता हसतो.

गेल्या महिन्यात ते केंद्र कायमचं बंद झालं. निरोपाला जुन्या माणसांना बोलावलं होतं. उपाहारगृह तेच, खिडकी तीच. चहा आला, आणि त्यानं घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच.

"आलोच," तो म्हणाला.

"कुठे? गुडघे बघ तुझे."

"तळघराची परवानगी सकाळीच काढलीय."

ती त्याच्या कपावर बशी झाकून बसून राहिली. बऱ्याच वेळानं तो धापा टाकत आला. जिन्याच्या कठड्याची धूळ तळहाताला लागली होती.

"काय होता आकडा?"

"शून्य. पंपातलं तेल तर काढूनच टाकलंय."

"मग ते इथे बसूनही सांगता आलं असतं की."

"तेव्हाही मला असंच वाटलं होतं," तो म्हणाला.

तिनं बशी काढली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.