काकांच्या शेजारची खुर्ची

हे खरं आहे. आमच्या धाकट्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशीला थापा मारता येत नाहीत. येत असत्या, तर तिचं वाचनालय केव्हाच भरभराटीला आलं असतं.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम. जागा, वाचनालयाचा वरचा हॉल.

मावशी तिथली ग्रंथपाल. पुस्तकांची देवघेव करायची, पंखे पुसायचे आणि दर शनिवारी एक कार्यक्रम उभा करायचा. कधी कवितावाचन, कधी गुडघेदुखीवर व्याख्यान, कधी पुस्तकचर्चा, ज्यात पुस्तक सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते. शेवटी मावशी उभी राहून पुढच्या शनिवारी काय आहे ते सांगायची. लोक तोवर चपला शोधत असायचे.

मावशीचे यजमान, आमचे काका, मात्र पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसायचे.

काकांना ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आहे, ते ड्रॉवरमध्ये सुखरूप असतं. मावशी त्यांच्याशी ओरडून बोलते, त्यामुळे घरातल्या गोष्टी आधी शेजाऱ्यांना कळतात, मग काकांना. तरी त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही.

"तुझी एक खुर्ची तरी भरते," म्हणायचे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवायचे.

त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी रुमाल टाकला होता.

खुर्चीवर रुमाल दिसला की त्या हॉलमध्ये विषय संपतो. माणसं मागे ताटकळत उभी राहतील, पण रुमालाला हात लावणार नाहीत. कार्यक्रम संपला. रुमालवालं माणूस काही आलं नाही.

मावशीने रुमाल उचलला...

ओला होता.

बराच वेळ कुणीतरी मुठीत चुरगळून धरल्यासारखा.

घरी आल्यावर काका चहा पिता पिता म्हणाले, "शेजारच्या बाई फार छान बोलतात गं."

"कोण बाई?" मावशी ओरडली.

"अगं, माझ्या शेजारच्या. हळू बोलतात, पण शब्दन्‌शब्द कळतो. पुढच्या शनिवारी बागकामाची माहिती आहे म्हणाल्या."

पुढच्या शनिवारी कवितावाचन होतं. मावशीने स्वतः कवीला गाठून ठरवलं होतं. म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो म्हणून तिने सोडून दिलं.

गुरुवारी कवीचा घसा बसला. शुक्रवारी रोपवाटिकेचा मालक आपणहून दारात आला, "बाई, झाडांवर बोललो तर चालेल का?"

मावशी 'हो' म्हणाली. न म्हणून करते काय?

शनिवारी खुर्चीवर रुमाल होताच. मावशीने सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणाचातरी आहे. काकांना वाटत होतं, मावशीनेच त्या बाईंसाठी टाकलाय.

मावशी सबंध कार्यक्रमभर दाराशी उभी राहून त्या खुर्चीकडे बघत होती.

खुर्ची रिकामी होती...

आणि काका तिच्याकडे झुकून मान डोलावत होते.

"पुढचा कार्यक्रम खालच्या खोलीत घ्या म्हणाल्या," त्यांनी घरी सांगितलं. "वर पाणी गळेल."

गळलं. गच्चीवरची टाकी फुटली आणि मुलांचा चित्रकलेचा वर्ग खाली, वर्तमानपत्रांच्या टेबलावर झाला.

काका खुशीत होते. कितीतरी वर्षांनी त्यांच्याशी कुणी न ओरडता बोलत होतं. मावशीला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येत होता. जन्मभर घसा हिने फोडायचा आणि ऐकायचं त्या बयेचं.

त्यानंतरच्या शनिवारी तिने मुद्दाम विचारलं नाही. काका आपणच म्हणाले,

"यापुढचा कार्यक्रम तुझा आहे."

"माझा?"

"तुझं भाषण आहे. माझ्यावर बोलणार आहेस म्हणे." काका लाजल्यासारखे हसले. "हॉल गच्च भरतो म्हणाल्या. फार छान बोलतेस. मी म्हटलं, आमची ही बोलायला लागली की पुढे कुणाची हिंमत... अगं, रडतेस काय?"

जिवंत, धडधाकट माणसावर बायको वाचनालयात भाषण करत नाही. ते कधी करतात, हे मावशीला ठाऊक होतं. अशा सभांसाठी तिनेच कितीदा खुर्च्या मांडल्या होत्या.

तिने कार्यक्रम बंद केले. हॉलला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या उशीखाली. काकांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा तब्येत चांगली आहे. मावशीला त्यानेही धीर आला नाही.

शनिवारी पाच वाजता ती काकांचा हात धरून घरातल्या कोचावर बसली. दार बंद. खिडक्या बंद.

सगळं शांत होतं...

काका सरकले. कोचावर पलीकडच्या बाजूला थोडी जागा केली.

"या, बसा," म्हणाले.

मावशीने त्यांना हलवलं. कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने हाका मारल्या. शेजारच्या घरातला दिवा लागला, कुणीतरी दारही वाजवलं.

काकांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"जरा थांब गं. त्या बोलतायत."

त्याला आता महिना झाला. काका ठणठणीत आहेत. हॉलला कुलूप तसंच आहे.

काल मावशीचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"भाषण होतंय रे."

"कसलं भाषण? तू लिहूच नकोस."

"मी कुठे लिहितेय? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना आपोआप वाक्यं जुळतात. आजच्या आज विसरायचं ठरवते, उद्या सगळं पाठ असतं. चांगलं झालंय, हेच वाईट आहे. आता फक्त शेवट राहिलाय."

"मग शेवट करू नकोस," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?



तेवढ्यात मागून काका हसल्याचा आवाज आला. मनापासून. कुणीतरी मजेशीर काही सांगावं, तसं.

"मावशी, घरी कोण आलंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघंच आहोत."