अंबरीश कुठे जाणार?

भिंतीला लाथ मारून झाली आणि विभावरीने सवयीने हात छातीशी नेऊन कपाळाला लावला. पाय लागला की नमस्कार. आयर्लंडमध्ये चार वर्षं काढली तरी ही खोड गेली नव्हती.

सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या वाटेला टोकाशी एक भिंत आहे. गॉलवेची माणसं तिथवर चालत येतात, भिंतीला बुटाचं टोक मारतात आणि मागे फिरतात. का, ते कुणी विचारत नाही. लाथ मारली नाही तर चालणं झालंच नाही, एवढंच.

"आधी लाथ, मग नमस्कार... भिंत पार गोंधळली असेल हो!"

विभावरी दचकली. दोन मीटर सोडून एक उंच तरुण उभा होता. तोंडावर मास्क, डोक्यावर लोकरी टोपी, मधल्या जागेत फक्त दोन डोळे, आणि ते हसत होते.

"तुम्ही नुसती लाथ मारता वाटतं?"

"नाही. मीही नमस्कार करतो. पण आजूबाजूला बघून."

जानेवारीचा वारा समुद्रावरून तिरका येत होता. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत लटकून राहिला होता. लॉकडाऊनचा तिसरा फेरा. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, त्यामुळे निम्मं गॉलवे रोज याच वाटेवर. तरीही हे डोळे तिने आधी पाहिले नव्हते.

"मी अंबरीश," तो म्हणाला.

विभावरी नकळत एक पाऊल मागे सरली. कारण त्याच सकाळी तिने याच माणसाविषयी चारशे शब्दांची धादांत थाप छापली होती.

त्याचं असं झालं. विभावरी स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम करायची आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी निघणाऱ्या मराठी मंडळाच्या ई-पत्रकाचं क्रीडापान सांभाळायची. खेळ बंद पडल्यापासून पान उपाशी होतं. मग एकदा बॉस्टनच्या ऑफिसशी कॉल चालू असताना तिथला एक सहकारी बेसबॉलवर घसरला. त्यांच्याकडे म्हणे खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो, आणि मग हिवाळाभर पेपरवाले, टीव्हीवाले, गल्लीतले न्हावीसुद्धा एकच चर्चा करतात : हा आता कुठल्या संघात जाणार? एक चेंडू पडत नाही, तरी पानंच्या पानं भरतात!

विभावरीने लगेच आपला माणूस शोधला. गॉलवेच्या क्रिकेट क्लबाचा डावखुरा फिरकीवाला, गेल्या अर्ध्यामुर्ध्या हंगामात नऊ सामन्यांत एकतीस बळी. लीगची नोंदणी डिसेंबरात संपलेली, नवी एकतीस मार्चपर्यंत करायची. म्हणजे हा तीन महिने मोकळा! तिने मथळा दिला, 'अंबरीश कुठे जाणार?' आणि खाली विश्वसनीय सूत्रांच्या माहितीनुसार त्याला शॅननच्या क्लबाच्या रस्त्याला लावून दिलं.

पत्रक गाजलं. संपादक पद्माकरकाका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते आणि त्यांच्या संपादकीयालाही तोच गुण होता. त्यांनी तिला एकच ताकीद दिली, "त्या पोराला कधी थेट विचारू नकोस हं. विचारलंस की अंदाज संपला. अंदाज संपला की पान संपलं!"

"तुम्ही... गोलंदाज ना?" विभावरीने आता चाचरत विचारलं.

"हो. आजच समजलं, मी शॅननला चाललोय. मंडळाच्या पत्रकात आलंय. कुणी विभावरी म्हणून आहेत, त्यांची सूत्रं फार विश्वसनीय आहेत म्हणे." डोळे थांबले. "तुमचं नाव?"

खोटं बोलायला एक सेकंद पुरतो. तिने तो घालवला.

"विभावरी."

तो इतक्या मोठ्याने हसला, की शेजारून जाणारी आयरिश म्हातारी म्हणाली, "ग्रँड डे फॉर इट!"

*

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती भिंतीपाशी पोचली, तर तो तिथेच. तिसऱ्या दिवशीही. एका घरच्या माणसाने दुसऱ्या घरच्या माणसाबरोबर व्यायामापुरतं चालावं, एवढी सूट सरकारने ठेवली होती. तिचा असा उपयोग होईल हे काही सरकारच्या मनात नसावं.

दोघांच्या मध्ये दोन मीटर. त्या दोन मीटरमधून वारा जायचा, कुत्री जायची, एकदा तर एक अख्खं जुळ्यांचं बाबागाडं गेलं. आणि त्यावरून त्यांचं बोलणं चालायचं, जरा वरच्या पट्टीत, बांधाबांधावरून बोलल्यासारखं.

तो साताऱ्याचा. कॅथेटर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. मनगटावर वडिलांचं किल्लीचं घड्याळ.

"पुढच्या अंकात कुठे धाडताय मला?"

"पोर्टलीश. तिथल्या डॉक्टर मंडळींच्या संघाला फिरकी हवीये."

"पोर्टलीशला माझं कोण आहे?"

"सूत्रं म्हणतात, बिर्याणी चांगली मिळते."

"मग 'जवळजवळ निश्चित' असं लिहा."

आणि तिने खरंच लिहिलं. एका अंकात तो पोर्टलीशला गेला, पुढच्या अंकात परत आला. गॉलवेच्या एका स्थानिक साप्ताहिकानेही तीन ओळी छापल्या. सांगलीहून आईचा फोन आला. शोभनाताई मराठीच्या निवृत्त शिक्षिका, पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या.

"विभा, तुझ्या पानावर खेळाडू एकच आहे का गं?"

"बाकीचे घरी बसलेत, आई."

"आणि हा?"

"...हा चालतो."

"कुणाबरोबर?" आईने विचारलं, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. म्हणजे विभावरीने तरी तसं सांगितलं.

*

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. पाऊस असा आला, की छत्रीने शरणागती पत्करली. दोघं धावत वाटेवरच्या आडोशाला शिरले. ती एका टोकाला, तो दुसऱ्या. विभावरीने थर्मास काढला, कागदी कपात चहा ओतून बाकाच्या मधोमध ठेवला आणि मागे सरली. तो पुढे आला, कप उचलून परत आपल्या कोपऱ्यात गेला. मास्क हनुवटीखाली आला, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिने त्याचा पूर्ण चेहरा पाहिला.

डाव्या गालावर खळी होती. ही बातमी कुठल्याच सूत्राने दिली नव्हती.

"बरा आहे चहा," तो म्हणाला.

"बरा? आलं किसून घातलंय, गवती चहा सांगलीहून आलाय, आणि नुसता बरा?"

"साताऱ्यात याहून वर कौतुक नाही हो. तुमचा हात... तुझा हात..." तो अडखळला. कान लाल झाले. मग त्याने बोटाने हवेतच एक आडवी रेघ ओढली. "'तुमचा'वर एक सरळ रेघ. शेजारी सही. तारीख, सत्तावीस फेब्रुवारी."

विभावरीला हसू आवरेना. दोघांच्याही कारखान्यांत हाच शिरस्ता होता. कागदावर चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख, कारण.

"कारण?" तिने क्वालिटीवाल्या आवाजात विचारलं. "कारणाची जागा रिकामी ठेवली तर ऑडिटमध्ये धरतात."

"कारण... नंतर लिहिलं तर चालेल?"

पाऊस थांबला होता. दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

निघताना तो जरा गंभीर झाला. "एक सांगू? छापू नकोस. डब्लिनच्या एका क्लबाने खरंच बोलावलंय. मोठा क्लब. निवड समितीची नजर असते. नोकरीचंही बघतो म्हणालेत. फॉर्मसुद्धा भरून ठेवलाय."

"...अच्छा," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. काहीतरी विचारायला हवं होतं, हे तिला घरी पोचल्यावर कळलं. पण काकांची ताकीद! आणि खरं सांगायचं तर काकांचा काय दोष? विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तराचीच भीती होती.

*

पुढचे दोन आठवडे ती स्वतःशी भांडत राहिली. एकतिसाव्या वर्षी एखाद्याला अशी संधी येते, आणि आपण काय, त्याला एका भिंतीपायी अडकवायचं? उद्या तो म्हणाला की तुझ्यामुळे राहिलो आणि राहून गेलं, तर? तिने मन घट्ट केलं. गुपित सांभाळलं, बोलावण्याचं अवाक्षर काढलं नाही. पण चौदा मार्चच्या अंकात सल्ला छापला : 'अंबरीशने डब्लिनला जावं. गॉलवेत त्याला अडवून धरील असं काही नाही.'

लिहिताना तिला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं. पाच वाजता भिंतीपाशी पोचेपर्यंत ते मोठेपण टिकलं.

तो आधीच आलेला होता. मोबाइल हातात.

"असं काही नाही?" त्याने विचारलं.

"म्हणजे... तुझ्या भल्यासाठी..."

"दोन महिने सगळं गाव विचारतंय, मी कुठे जाणार. मला काय हवंय, ते एकाने विचारलं नाही. मला वाटलं होतं, निदान तू विचारशील." तो रागावला असता तर बरं झालं असतं. आवाज अगदी मऊ होता. "सल्ल्याबद्दल आभार, विभावरीताई."

ताई! सहा आठवडे चालून चालून जे मिळवलं होतं ते एका शब्दात गेलं. लाथ न मारताच तो मागे फिरला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. ती एकटीच पाचाला जायची, भिंतीला पाय लावायची, नमस्कार करायची. भिंत आता गोंधळत नव्हती. तिला सवय झाली असावी.

*

पुढच्या अंकाचं पान तिने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. मग लक्षात आलं की आपण पुसतोय, हेच चुकतंय. अठ्ठावीस मार्चच्या सकाळी मंडळाच्या अडीचशे घरांत हे पोचलं :

'चूक-दुरुस्ती. गेल्या अंकात "अंबरीशने डब्लिनला जावं, गॉलवेत त्याला अडवून धरील असं काही नाही" असं छापलं होतं. ते तसंच राहू द्यावं, वाचता यावं. पण त्यावर एक सरळ रेघ आहे असं समजावं. यापुढे हे पान या खेळाडूविषयी अंदाज बांधणार नाही. कारण : लेखिका या बाबतीत निःपक्षपाती राहिलेली नाही. – वि., २८ मार्च.'

पहिला फोन काकांचा. "अगं, मी लोकांना भूल देतो, तू सगळ्यांना एकदम शुद्धीवर आणलंस! आता पानाचं काय?"

"बुद्धिबळ, काका."

दुसरा आईचा. "निःपक्षपाती राहिलेली नाही, म्हणजे काय ते मला कळतं बरं का. तीस वर्षं मराठी शिकवलंय. मुलगा कुठला?"

"साताऱ्याचा. पण आई, तो येईल की नाही तेच..."

"साताऱ्याचा ना? मग जरा उशिरा येईल. पण येईल."

पाच वाजले. ऊन होतं, चक्क ऊन! निम्मं गॉलवे येऊन लाथ मारून गेलं. सव्वापाच. साडेपाच. थर्मासातला चहा तिने दोनदा उघडून पाहिला. सहाला पाच कमी असताना तिने थर्मास पिशवीत टाकला. बरोबरच होतं त्याचं. एकदा जा म्हटल्यावर माणसाने जायचंच असतं. ती वळली...

तो समोरून येत होता. घाई नाही, काही नाही.

"लवकर आलीस?" त्याने विचारलं. "आत्ता कुठे पाच वाजतायत."

"सहा! रात्रीच घड्याळं एक तास पुढे गेली ना!"

त्याने वडिलांच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "याला कुणी सांगितलंच नाही... आणि तू तासभर थांबलीस?"

"थांब, बोलू नकोस. आधी मला विचारू दे." विभावरीने श्वास घेतला. "राहशील?"

"कुठे?"

"माझ्यापासून पाच किलोमीटरच्या आत."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, भिंतीवर ठेवला, वर एक खडा ठेवला आणि दोन मीटर मागे जाऊन उभा राहिला.

तो नोंदणीचा फॉर्म होता. क्लबाच्या नावापुढे डब्लिनच्या त्या क्लबाचं नाव, त्यावर एकच सरळ रेघ. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. वर लिहिलं होतं : गॉलवे. शेजारी सही. आणि तारीख...

"सत्तावीस फेब्रुवारी," तिने वाचलं. "म्हणजे त्या पावसाच्या दिवशीच?"

"घरी जाऊन, कपडे बदलायच्या आधी. तू विचारलंस की दाखवणार होतो. तर तू मला छापून हाकललंस."

"आणि डब्लिन? निवड समिती?"

"तिथे मी चौथा फिरकीवाला. इथे मी गोलंदाजी करतो, रोलर ओढतो, गवतही कापतो. चेंडू वळायचा तर इथूनही वळेल." त्याने बोट रोखलं. "तुझ्यासाठी उपकार केलेत असं समजू नकोस हं. मला राहायचंय."

विभावरीने डोळे पुसले आणि कागद पुन्हा पाहिला. क्वालिटीची नजर, ती काही जात नाही. "कारणाची जागा रिकामी आहे."

"तूच लिही."

क्वालिटीच्या माणसाकडे पेन नेहमी असतं. तिने लिहिलं, खडा परत ठेवला, मागे सरली. तो पुढे आला आणि वाकून वाचू लागला : 'चहा बरा होता.'

मास्कमागची खळी तिला आता न बघता दिसत होती. त्याने पेन उचललं. 'बरा'वर एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं 'फक्कड'. सही केली. तारीख घातली.

"वेळ पण टाकू? किती लिहू? तुझे सहा की माझे पाच?"

ती थर्मास काढून भिंतीवर ठेवत होती.

"पाच लिही," विभावरी म्हणाली. "आणि ते घड्याळ आज लावू नकोस. एक तास जास्तीचा आहे आपल्याकडे."