बाईंचा आवाज

दुपारी आईला जेवू घालून ती स्टुडिओत जायला निघाली, तेव्हा आईनं नेहमीसारखा तिचा हात धरून ठेवला.

"आज किती वेळ गं?"

"एकच सीन राहिलाय. दिवेलागणीपर्यंत येते."

"ये. आणि तो आवाज तिथंच ठेवून ये. चपला दाराबाहेर काढतेस ना, तसा तोही काढत जा. घरात नको मला तो."

आई हे हसत म्हणायची, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आईचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीचा चेहरा तिला आता नीट आठवतही नव्हता. आवाज हाच काय तो लेकीचा चेहरा, आणि तोही हल्ली अनोळखी झाला होता. दार उघडून "आई, मी आले" म्हटलं की म्हातारी क्षणभर कान टवकारायची आणि विचारायची, "कोण?"

आता हा आवाज कोणता, ते सांगायला हवं. तिचा धंदा डबिंगचा. सुरुवातीला ती गर्दीत उभी राहायची. पडद्यावर मोर्चा असला की ओरडायचं, मेजवानी असली की हसायचं, आणि कुणाचं तान्हं मूल रडवायचं असलं की हमखास हिला बोलावणं. पुढं तिची गाठ बाईंशी पडली. बाई म्हणजे त्या काळची सगळ्यात मोठी नटी. रूप असं की माणसानं बोलता बोलता वाक्य विसरावं, पण तोंड उघडलं की लाकडात करवत अडकल्यासारखा घोगरा आवाज. लहानपणीच्या कुठल्याशा दुखण्यानं गळा कायमचा बसलेला. मग तोंड बाईंचं आणि गळा हिचा, असा संसार सुरू झाला. हिनं आपल्या साध्या आवाजाला घासूनपुसून, वळणं देऊन एक मधाळ आवाज घडवला, आणि तो बाईंचा म्हणून जगभर गाजला. टाळ्या बाईंना, हार बाईंना. हिची ओळख करून द्यायची झाली तर लोक म्हणत, "हा बाईंचा आवाज." जणू मागं उभं असलेलं माणूस नव्हतंच.

तेही तिनं सोसलं असतं. पोटासाठी माणूस काय काय सोसतं! पण सोंग आणता येतं तसं उतरवता येतंच असं नाही. मधाळ आवाज गळ्यातच मुक्कामाला राहिला. ती न्हाणीघरात नळ सोडून, दार लावून आपला जुना आवाज शोधायची. लहानपणी आईला मारायची तशी हाक मारून बघायची. तोंडातून निघायची ती नटीच.

बाई एकदा तिच्या घरी आल्या होत्या. कुणाला न सांगता, डोक्यावरून ओढणी घेऊन. आईजवळ तासभर बसल्या आणि चक्क बोलल्या, स्वतःच्या त्या घोगऱ्या, फुटक्या आवाजात. आईला तो आवाज इतका आवडला की काही विचारू नका. "खरा आहे हो तुमचा आवाज. पुन्हा या बाई," असं तिनं चारदा म्हटलं. जाताना जिन्यात बाई थांबल्या.

"तुझ्या आईला तुझं तोंड दिसत नाही, तरी दारात नुसतं बोललीस की तिचं माणूस घरी येतं. मला सगळी दुनिया तोंडानं ओळखते. मी अंधारात हाक मारली, तर ओ देणारं कुणी नाही."

तिला तेव्हा बाईंची कीव आली होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं.

त्याच बाई शेवटच्या सिनेमाचं शूटिंग आटोपून आठवड्याभरात गेल्या. झोपेतच. आईला हे ती आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिली.

स्टुडिओत त्या दिवशी एक नवल घडलं. दिग्दर्शक तिला पाहून खुर्चीतून उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी साधी मान वर केली नव्हती.

"या ताई, बसा. या सिनेमात बाईंच्या शेजारी तुमचं नाव लागणार. आणि माझ्या पुढच्या नाटकात मुख्य भूमिका तुम्ही करायची. रंगमंचावर, स्वतःच्या तोंडानं. मला तुमचा स्वतःचा आवाज हवाय."

तिचे डोळे भरून आले. याच वाक्यासाठी तिनं अर्धं आयुष्य काचेमागं काढलं होतं. आणि त्याच क्षणी न्हाणीघरातला नळही आठवला. स्वतःचा आवाज! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ती आतल्या खोलीत गेली. डबिंगच्या खोलीला दिवस आणि रात्र सारखीच. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, जुन्या कापडाचा आणि बंद हवेचा वास, समोर पडदा आणि बाजूला काच. काचेपलीकडं रेकॉर्डिस्ट काका. या धंद्यातली अक्षरं तिला काकांनीच गिरवायला लावली होती. शूटिंगच्या वेळी नटाचा मूळ आवाज कच्चा टिपून ठेवतात, त्याला पायलट म्हणतात. तो कानात ऐकत ऐकत आपण बोलायचं. पण काकांचा एक दंडक होता. "शब्द त्यांचे घे, श्वास आपला घे. पायलटमधला श्वास कधी उचलायचा नाही." का, असं विचारलं की ते म्हणायचे, "आमच्या उस्तादांनी सांगितलं म्हणून." त्यापुढं त्यांना बोलतं करणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

सीन होता शेवटच्या घटकेचा. बाई अंथरुणावर पडलेल्या. वाक्य एकच, "मला घरी जायचंय." बाकी सगळा नुसता श्वास. लांबत जाणारा, अडखळणारा, मग थांबणारा.

तिनं केलं. जमलं नाही. पुन्हा केलं. ओठ जुळायचे, पण छाती जुळेना. पडद्यावरच्या बाई मरत होत्या आणि खोलीतली ही नटवेपणा करत होती, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

"ताई, ती बाई खरी वाटायला हवी," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "नाहीतर हा सीन मुका ठेवू."

मुका ठेवू म्हणजे तिला वगळू. नाव गेलं, नाटकही गेलं. ती काचेकडं वळली.

"काका... पायलट द्या ना."

काकांनी मान हलवली. हो की नाही, ते तिला अंधारात कळलं नाही. तिनं हेडफोन घट्ट दाबले. लाल दिवा लागला.

आधी नुसती खरखर होती. मग त्या खरखरीच्या तळातून एक श्वास आला. जवळून. इतका जवळून, की डाव्या कानाची पाळी गार पडली. बाईंचाच तो, फुटक्या गळ्यात अडकणारा. तिनं ओळखला, आणि दंडक मोडला. त्या श्वासाबरोबर तिनं श्वास आत घेतला. त्याच्याबरोबर सोडला. पुन्हा घेतला... छातीत काहीतरी थंड भरत गेलं. ओल्या मातीचा वास आला. त्या बंद खोलीत माती कुठली?

"मला घरी जायचंय..."

हे ती म्हणाली की कानातलं कुणी म्हणालं, तिला सांगता आलं नसतं. दोन्ही एकदमच झालं. पडद्यावरच्या बाईंची छाती थांबली, चित्र संपलं, पडदा पांढरा झाला. कानातला श्वास मात्र चालूच होता. सावकाश, निवांत. दमून आलेल्या माणसाला शेवटी बसायला जागा मिळावी तसा. तिची छातीही त्याच्याबरोबर हलत राहिली. थांबवू म्हणता थांबेना... मग श्वास दूर जाऊ लागला, जिना उतरत जावा तसा, आणि ऐकू येईनासा झाला.

लाल दिवा विझला. दिग्दर्शक आत आला तो रडतच. त्यानं वाकून नमस्कार केला. तिनं नुसती मान हलवली. अवघड सीननंतर घरी जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, गळ्याला विश्रांती द्यायची, ही तिची जुनी सवय सगळ्यांना ठाऊक होती. आणि खरं तर तिला बोलवतही नव्हतं. घशात बर्फ धरल्यासारखं वाटत होतं.

बाहेर पडताना काकांनी तिला गाठलं. चेहरा पांढराफटक.

"पोरी, मी नाही म्हणत होतो तुला. या शॉटला पायलटच नाही. त्या दिवशी बाईंना त्रास होत होता, म्हणून माईक लावलाच नव्हता. मी तुझ्या कानात काही सोडलं नाही. मग तू श्वास... कुणाचा घेतलास?"

ती वळली आणि भरभर चालू लागली. पुढं जवळजवळ पळतच सुटली. तिला काहीच नको होतं, नाव नको, नाटक नको. फक्त आईजवळ जाऊन बसायचं होतं.

घराचा जिना चढली तेव्हा अंधारून आलं होतं. दार लोटलेलं होतं आणि आत दिवा लावलेला होता. आईला दिव्याचा काय उपयोग? आत पाऊल टाकलं, तर आई पलंगावर ताठ बसलेली. केस नीट विंचरलेले, आणि तोंडावर असं समाधान, की गेल्या कित्येक वर्षांत तिनं ते पाहिलं नव्हतं.

"आई, मी आले," ती म्हणाली.

म्हणाली, आणि तिचा हात गळ्याकडं गेला. तोंडातून निघालेला आवाज मधाळ नव्हता. तो तिच्या जुन्या आवाजासारखाही नव्हता. तो घोगरा होता, फुटका होता, लाकडात करवत अडकल्यासारखा.

आईचा चेहरा उजळला. "अगोबाई! बाई, तुम्ही? किती दिवसांनी वाट वाकडी केलीत! बसा ना."

"आई... मी..."

"आमची लेक मघाशीच आली हो. आज घरात शिरली ती तिच्या मूळ आवाजात बोलत. लहानपणी बोलायची ना, तश्शी. तेव्हापासून नुसत्या गप्पा मारतोय आम्ही. मला वाटलं होतं, माझं पोर गेलंच कायमचं..." म्हातारीनं डोळे पुसले.

तिनं धावत जाऊन आईचा हात धरला. आईची बोटं तिच्या बोटांवरून फिरली, अंगठ्यापाशी अडली, परत फिरली. आईच्या कपाळावर आठी पडली.

"हा हात... हा तर माझ्या..."

"आई, कोण आलंय गं?" आतून हाक आली.

स्वच्छ, साधा, कसलंच वळण नसलेला आवाज. न्हाणीघरात नळ सोडून ती वर्षानुवर्षं शोधत होती तो. तिनं तो लगेच ओळखला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आईनं तिचा हात सोडला आणि सगळं तोंड त्या आवाजाकडं वळवलं.

"तुझ्या बाई आल्यात गं! चहा टाक."

ओरडावं, आत धावावं, असं तिच्या मनात आलं. तिनं तोंड उघडलंही. पण आई इतकी सुखात होती.

"टाकते," आतून आवाज आला. कपबशा वाजल्या, आणि तोच ओल्या मातीचा वास आला. "आणि आई, त्यांना फार बोलायला लावू नकोस हं. त्यांच्या घशाला त्रास होतो."

आईनं लेकीचं ऐकून, पाहुणीच्या दिशेनं हसत, ओठांवर बोट ठेवलं.