सुबाभळीचं बारसं

जिंतूरच्या बाजूला वनसंशोधनाची एक रोपवाटिका होती. 'संशोधन' हा शब्द पाटीवर होता. आत एक हातपंप, एक पत्र्याची खोली आणि रांगेनं मांडलेल्या मातीच्या पॉलिथिन पिशव्या. शहाऐंशीच्या हिवाळ्यात तिथं पंडित आला. ताडकळसच्या भगवानराव गुरुजींचा मुलगा, पदवीचं शेवटचं वर्ष. सुबाभळीची रोपं वाढवायची, आणि तीच दाखवून गावच्या शाळेतल्या पोरांना विज्ञान शिकवायचं, असं दुहेरी काम. ते पुरं झालं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राशिवाय पदवी नाही.

सरकारात झाडाला नंबर असतो. पंडितनं पोरांना गोडी लागावी म्हणून पिशव्यांना पत्र्याचे बिल्ले बांधले आणि त्यांवर एकेका पोराला आपापलं नाव लिहायला लावलं.

त्याच्या वरचे संशोधन सहायक दत्तराव खुर्चीतून न उठता म्हणाले, "पंडितराव, बारसं तर झालं. आता एकेकाला कुंची बी शिवा."

कडूबाई नावाच्या पोरीनं आपल्या बिल्ल्यावर भावाचं नाव लिहिलं, आश्रुबा. तो मागल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. पंडितनं ते खोडलं नाही. भूतखेत मानायचं नाही, हे त्याच्या घरात दुधाचे दात पडायच्या आधी शिकवलेलं. नाव म्हणजे अक्षरं, त्यात काय!

चैत्र लागेतो आश्रुबाचं रोप सगळ्यांच्या वर गेलं.

सुबाभळीची पानं दिवस मावळला की मिटतात. झाडं झोपतात, असं पंडितनं पोरांना सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं पाहिलं, सगळा वाफा मिटला होता आणि आश्रुबाचं रोप टक्क जागं होतं. हवा थांबलेली. ओल्या मातीचा, दुधाळ म्हणावा असा वास येत होता. मग कुंपणाच्या फटीतून कडूबाईची आई सरजाबाई आत आली, पिशवीजवळ बसली आणि मातीवर हळूहळू थापटू लागली.

"नीज… नीज रे राजा…"

पानं मिटली. एक एक करून, सावकाश.

पंडितला भीती वाटली नाही. उलट त्यालाच झोप आली. ऊन अंगावर पांघरल्यासारखी उबदार झोप.

दुसऱ्या दिवशी दत्तरावांनी फर्मान काढलं. "वाफ्यातलं सगळ्यात उंच रोप उपटा, मुळं धुवा, खोलीतल्या भट्टीत वाळवा, वजन घ्या. त्याबिगर अहवाल न्हाई, अन् अहवालाबिगर तुमचं प्रमाणपत्र न्हाई."

कडूबाईनं हे शाळेत पंडितच्या तोंडून ऐकलं. दुपारी सरजाबाई धावत आली.

"सायब, त्याला नका उपटू."

"बाई, ते रोप आहे. नुसतं रोप."

"मंग ठिवा की नुसतं रोप." तिनं पिशवी दोन्ही हातांनी धरली. "एक डाव मातीत ठिवलंय मी त्याला, ह्याच हातानं. आता तुमी वर काढायलाव…"

पंडितनं शेजारच्या उंच रोपाला हात घातला. बिल्ल्यावर जित्या पोराचं नाव होतं. ते पोर आत्ता शाळेच्या ओट्यावर पाढे म्हणत असेल. हात आपोआप मागं आला. न मानणाऱ्या माणसाचा हात का मागं यावा, हे त्याला कळेना, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

मग त्याला हुशारी सुचली. जित्या पोराचा बिल्ला सोडवून त्यानं एका खुरट्या रोपाच्या पिशवीला बांधला. कोऱ्या बिल्ल्यावर 'पंडित' लिहिलं आणि तो ह्या उंच रोपाच्या पिशवीला लावला. आपला तर विश्वासच नाही, मग आपल्याला काय होणार? पिशवी भिजवून त्यानं रोप अलगद ओढलं. मुळांनी माती सोडताना सुस्कारल्यासारखा आवाज झाला.

दत्तरावांनी ते भट्टीत सरकवलं. "उंच दिसलं म्हंजी झालं. मोजायला दिल्लीहून कोण येतंय?"

भट्टी रात्रभर आणि दुसरा दिवसभर घुमत राहिली. संध्याकाळी वजन झालं, अहवाल झाला, प्रमाणपत्रावर सही झाली. पंडित वाफ्याशी येऊन उभा राहिला. त्याच्या नावाची पिशवी सवयीनं रांगेतच ठेवलेली. आत नुसती कोरडी, भेगाळलेली माती.

सरजाबाई तांब्या घेऊन आली. "लय उपकार झाले सायब. पाणी प्या, तोंड सुकलंय तुमचं."

"तहान नाही हो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. हलकेच म्हणाली, "शेवटाला माझं लेकरू बी असंच म्हणलं होतं…"

तिचं मन राखायला त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा संपवला. पाणी ओठांतून गेलं, पण घशाला लागलं नाही. पोटात थंडावा नाही, काही नाही.

पायाशी टपटप आवाज झाला.

रांगेतल्या त्या रिकाम्या पिशवीतली माती काळी ओली झाली होती. खालच्या भोकांतून पाणी गळत होतं.

सरजाबाई वळली. हातपंपाकडं गेली आणि तांब्या पुन्हा भरू लागली.