कपाटातली तबकडी

"प्रतिमा, जुना फ्लक्समीटरही गेला!" उपेंद्रचा फोन आला तेव्हा ती येलहंकाच्या सिग्नलला अडकली होती. "कपाटातली जागा रिकामी आहे. लवकर ये. दुपारी पोलिसांत तक्रार देतोय."

चुंबक तपासणाऱ्या त्या लहानशा सरकारी प्रयोगशाळेचा उपेंद्र प्रमुख होता आणि प्रतिमा त्याच्या हाताखालची शास्त्रज्ञ. सोमवारी चुंबकाची ताकद मोजणारा नवा फ्लक्समीटर आला. त्यावर तीन जुने प्रमाण-चुंबक तपासले, तर तिन्ही नोंदीपेक्षा फारच अशक्त निघाले. कुणीतरी अस्सल चुंबक लांबवून फालतू माल ठेवलाय, असं उपेंद्रचं म्हणणं. किल्ली भांडारातल्या गुंडू अण्णांकडे असायची. ते बेळगावकडचे, निवृत्तीला आलेले. त्याच दिवशी किल्ली काढून घेऊन त्यांना घरी बसवलं. आता तक्रार गेली की पेन्शनही अडकणार होती.

सोमवारी गेटवर अण्णांची पिशवी उघडायला लावली ती प्रतिमानेच. सगळ्यांदेखत. आत डबा, पंचा आणि बायकोची औषधं.

"बघा की मॅडम, नीट बघा," अण्णा म्हणाले होते.

तिने नीट पाहिलं होतं. डब्याचं झाकणसुद्धा काढलं होतं. तेव्हापासून तिला जेवताना स्वतःचा डबा उघडवत नव्हता.

कपाटापाशी पवित्रा उभी होती. यंदाच रुजू झालेली मुलगी.

"हे कपाट शेवटचं कुणी उघडलं?"

"मीच, मॅडम. काल. सरांकडून किल्ली घेतली, चुंबकांचे फोटो काढले."

"मीटर होता?"

"होता की! काचेवर केवढी धूळ. स्वल्प पुसली पण मी."

"त्याच्या तबकडीवर काय लिहिलं होतं?"

"ते नाही बघितलं. का, मॅडम?"

"किल्ली कुणाला दिलीस?"

"सरांनाच परत."

प्रतिमाने मनात दिवस मोजले. काल मंगळवार. अण्णा सोमवारपासून येलहंकाच्या जुन्या गावातल्या घरी. आणि ज्याला चुंबक विकायचेत, तो असला भंगार मीटर कशाला नेईल?

तिने उपेंद्रची संगणकातली नोंद उघडली. तिन्ही चुंबकांचे आकडे मायक्रोवेबरमध्ये होते: १२५७, ८८०, ५०३. नव्या मीटरवर मिळालेले: १००, ७०, ४०. तिने पहिल्याला पहिल्याने भागलं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिन्ही उत्तरं सारखीच.

तिचे कान तापले. हा भागाकार तिने सोमवारीच करायला हवा होता. त्याऐवजी तिने डबा उघडला होता.

मोठ्या चुंबकावर राखाडी रंगाचा थर होता. तिने नखाने तो खरवडला. खाली कोरलेला आकडा दिसला: १००००. पुढे एकक नव्हतं.

तिने मुख्यालयातून चौकशीसाठी आलेल्या सुधींद्र कुलकर्णींना उपेंद्रच्या खोलीत बोलावलं. पवित्रालाही.

"चोर सापडला?" सुधींद्रांनी विचारलं.

"चुंबकांची चोरी झालीच नाही," प्रतिमा म्हणाली. "तीन वेगवेगळे चुंबक, आणि तिन्ही नोंदीपेक्षा साडेबारा पटीने कमी. चोराने नकली माल इतका मापून आणला? चुंबक तेच आहेत. जुना आकडा रंगाखाली अजून आहे."

"मग कमी कसे भरले?"

"कमी नाहीत. नोंदच फुगलेली आहे. चुंबकीय प्रवाह पूर्वी मॅक्सवेलमध्ये मोजत. दहा कोटी मॅक्सवेल म्हणजे एक वेबर. दहा हजार मॅक्सवेलचे बरोबर शंभर मायक्रोवेबर होतात. नव्या मीटरने तेच दाखवलं. पण आणखी एक जुनं एकक होतं, एकक ध्रुव. तो ४π मॅक्सवेलचा, म्हणजे साधारण साडेबारा. रंग देण्यापूर्वी चुंबकांवरचे आकडे संगणकात भरताना सरांनी ते एकक ध्रुवातले धरले. जुनं माप दिसलं की ४π ने गुणायचं, ही आम्हा भौतिकीवाल्यांची खोडच आहे."

उपेंद्रने पेपरवेट फिरवला. "अगं, चूक कुणाच्याही हातून होते."

"चुकीबद्दल कोण बोलतंय? हे आकडे त्या जुन्या मीटरवर मोजलेले; ते कुठल्या एककात आहेत, हे फक्त त्या मीटरच्या तबकडीवर छापलंय. काल पवित्राने मीटर पाहिला, तेव्हा अण्णा इथे नव्हते. त्यानंतर किल्ली एकाच माणसाकडे होती. मीटर कुठाय, उपेंद्र?"

बाहेर विमानतळाकडून एक विमान गडगडत गेलं.

"गाडीच्या डिकीत," उपेंद्र म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "काल शंका आली म्हणून तबकडी पाहिली. पण तोवर मुख्यालयाला कळवून बसलो होतो की अण्णाच चोर. आता काय सांगणार, की मला एकक बदलता आलं नाही?"

"म्हणून त्यांना तुरुंगात पाठवणार होतात?" पवित्राच्या तोंडून निघून गेलं.

सुधींद्रांनी हात पुढे केला. "डिकीची किल्ली."

दुसऱ्या सकाळी प्रतिमा वेळेआधीच गेटवर येऊन उभी राहिली. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. कामावर परत बोलावलेले अण्णा आले. तेच धुतलेले कपडे, तीच पिशवी.

"अण्णा, मी..."

अण्णांनी पिशवी पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवली. डबा काढला. झाकण उघडून तिच्यापुढे सरकवलं. दोन भाकऱ्या, लसणाची चटणी.

"अण्णा, नको ना."

"राहू दे, मॅडम. रोजची सवय लागलेली बरी." आवाजात राग नव्हता. "बघितलं? सरी, ठीक आहे. झाकू का आता?"

झाकण हातात धरून अण्णा वाट बघत राहिले.