दगडाचा उजवा हात

“ओ ताई, रोह्याची वाट हीच ना?”

मी गणपतीच्या डोळ्यातली बाहुली भरत होते. अशा वेळी आमच्या कारखान्यात कोणी शिंकतसुद्धा नाही. आणि हा कोण उपटसुंभ मागच्या डोंगरातून उतरतो, फाटक्या बाहीने, केसांत कुसळं घेऊन सरळ अंगणात येतो आणि मला ताई म्हणतो! झापायलाच मान वर केली... आणि झापायचं राहूनच गेलं. इतका दमलेला आणि तरी इतका हसरा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“हे हमरापूर हाय. रोहा त्या तिकडे. तुम्ही रोह्याकडे पाठ करून चालत आलात.”

“असं कसं? सकाळपासून बाण बघत बघत येतोय. खिंडीतल्या कातळावर भला मोठा पिवळा बाण हाय, डावीकडे. ज्या गाढवाने तो काढलाय ना, ते एकदा भेटलं पाहिजे मला.”

“भेटलं की,” मी म्हटलं. “तुमच्यासमोर बसलंय. पाणी देऊ?”

तो आधी लाल झाला, मग खो खो हसत सुटला. पाणी प्यायला आणि नाव सांगितलं – रघू. रोह्याजवळच्या वरशाचा, कंपनीत शिफ्टला जाणारा.

तर त्याचं असं होतं. पेणहून रोह्यापर्यंत डोंगराडोंगरातून जाणारी एक जुनी पायवाट होती, चालायला तीन दिवस लागायचे. गाड्या आल्या आणि ती बुजली. वनखात्यातून निवृत्त झालेल्या हैबतरावकाकांनी दोन्ही गावांतली पोरं जमवून ती पुन्हा मोकळी करायचं मनावर घेतलं. पोरं दर रविवारी रानमोडीची झुडपं तोडायची, ढासळलेले दगड रचायची, वणवा वाटेपर्यंत येऊ नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायची. रोह्याकडून रघूची टोळी, पेणकडून आमची. बाणांना मात्र न हलणारा हात हवा, म्हणून काका आमच्या कारखान्यात आले. हमरापुरात मूर्तींचे डोळे आखण्यात माझ्या हाताचं नाव होतं, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायची वाट बघत बसले तर जन्म जाईल. कारखाना माझ्या वडिलांचा, आबांचा; त्यांनी कुरकुरत रविवार दिला. “दगडांना रंग लावून पोट भरतं काय गो?” एवढं ऐकवलंच.

“काकांनी सांगितलेलं, खिंडीत उजवा बाण काढ,” मी रघूला म्हटलं. “मी उजवाच काढलाय.”

“तो डावा हाय.”

“उजवा!”

“अहो, मी त्यावरून चाललोय!”

मी त्याला हाताला धरून मूर्तीसमोर उभं केलं. “हा गणपती कुठल्या सोंडेचा?”

“डाव्या.”

“उजव्या! देवाचा उजवा बघायचा, आपला नाय.”

तो मूर्तीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. “म्हणजे तुम्ही... कातळाचा उजवा हात बघून बाण काढलात?”

“मग? कातळाचं तोंड आपल्याकडेच असतं ना?”

“दगडाला कसला आलाय उजवा हात!”

“देवाला असतो, तो दगडाचाच असतो की.”

तो पुन्हा हसायला लागला. माझ्या मनात मात्र एक भयंकर विचार आला. काकांनी जिथे जिथे ‘उजवा’ नाहीतर ‘डावा’ म्हणून सांगितलं होतं, तिथला प्रत्येक बाण मी उलटा काढला होता. आणि होळीच्या आधीच्या रविवारी मुंबईची कॉलेजची मुलं येणार होती, वाट खुली व्हायची होती.

काकांनी कपाळाला हात लावला, पण ओरडले नाहीत. “ज्याला बाणाने फसवलं त्यालाच घेऊन जा आणि पुसा,” म्हणाले. पेणकडची बाजू रघूने पाहिली नव्हती, ती बघायला म्हणून पेणहून चालत निघाला आणि फसला होता; आता ती त्याला दगडादगडाने पाठ झाली. काका पुढे कोयता चालवत जायचे, मागून आम्ही दोघं. तो तारेच्या ब्रशाने घासून जुना बाण काढायचा, मी नवा काढायचे. काटेसावर फुलली होती, सगळीकडे लाल सडा आणि आमच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास. आजही तो वास आला की मला लाजल्यासारखं होतं.

“ताई, डबा इकडे...”

“पुन्हा ताई म्हणालास तर हा ब्रश तुझ्या नाकावर.”

“मग काय म्हणू?”

“सगुणा.”

“सगुणा,” तो म्हणाला. मग उगीचच आणखी एकदा, हळू, “सगुणा...” आणि डबा हिंदकळून रंग त्याच्याच पायावर सांडला.

एकदा मी उंच खडकावर चढून बाण काढत होते, तो खाली डबा धरून उभा होता.

“तुझा हात का हलतोय रे?”

“तुझा हलत नाय ना, म्हणून.”

मी वळून पाहिलं. तो खडकाकडे बघत नव्हता. ती रेघ जरा वाकडी आली. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि नेमकं त्याच रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, “ती वाट खुली झाली का बास झालं हिचं डोंगर चढणं. त्याच्या पुढच्याच बुधवारी पनवेलची माणसं येतायत बघायला. यंदा हिला उजवायचीच.”

मी हातातला घास ताटात ठेवला. मला कळून चुकलं, वाट खुली व्हायच्या दिवशी माझी वाट बंद होणार होती. रविवार जाणार, रघू जाणार. आणि रघू माझा कोण, ते तर त्याने अजून सांगितलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्याला सगळं सांगितलं.

“उजवायची म्हणजे... कुणाच्या उजवीकडे?” त्याने विनोद केला खरा, पण हसला नाही. दिवसभर ब्रश घासत राहिला, तेही जिथे काही नव्हतं तिथे. संध्याकाळी खिंडीतला शेवटचा बाण झाला तेव्हा म्हणाला, “सगुणा, एक सांगायचं होतं...”

“सांग ना.” मी ब्रश खाली ठेवला.

“...सुकेपर्यंत हात लावू नको.”

मी डबा उचलला आणि खाली उतरले. मागे वळून पाहिलं नाही. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि मग रडल्याबद्दल त्याच्यावर आणखी चिडले.

वाट खुली झाली तो दिवस छान गार होता. खिंडीत नारळ फुटला. मुंबईची मुलं बाण बघत योग्य वाटेने निघून गेली, एकही जण हमरापुरात उतरला नाही. मागे राहिलेल्यांना काका म्हणाले, “पोरांनो, वाट एकदा करून भागत नाय. पावसात रंग जातो, दिवाळीपर्यंत रानमोडी डोक्याएवढी होते. प्रत्येक टप्प्याला राखणदार पाहिजे. खिंडीचा टप्पा... सगुणा?”

“ती नाय,” आबाच बोलले. मुद्दाम मला न्यायला वर आले होते. “तिचं काम झालं.”

“मग दुसरं कोण?”

रघूचा हात वर गेला.

“मी राखतो. बाण मात्र सगुणानेच काढायचे.”

“तू रोह्याचा,” काका म्हणाले, “इतक्या लांब येशील?”

“दर रविवारी येईन.”

आबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. “येशील रे. पण माझ्या पोरीबरोबर डोंगरात फिरशील, ते कोण म्हणून?”

रघूने तोंड उघडलं. मिटलं. माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत सगळं होतं, फक्त तोंडात नव्हतं. मी मनात म्हटलं, हे ह्याच्यावर सोडलं तर हा आता पुन्हा रंग सुकायचं काहीतरी सांगणार, आणि बुधवारी मी पनवेलकरांपुढे पोह्यांची बशी धरणार.

“नवरा म्हणून,” मी म्हटलं.

काकांनी उगीचच कोयत्याची धार तपासली. माझे कान पेटले होते, आणि तरी मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

“तू नाय, तो बोलू दे,” आबा दरडावले.

“ती म्हणाली तेच,” रघू म्हणाला. आवाज चिरकला, पण थांबला नाही. “मी कधीपासून तेवढंच सांगायला बघतोय. मला ती पाहिजे, आबा. दुसरं काय नाय.”

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही.

“मंगळवारी ये. आईबापास्नी घेऊन. बुधवारी ती माणसं यायच्या आत मला काय ते सांगावं लागंल त्यांना.”

“मंगळवारी सेकंड शिफ्ट...” रघूने सुरुवात केली. मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. “सकाळी येतो! सकाळीच येतो.”

उतरताना आबा पुढे होते. रघू माझ्या शेजारी आला आणि अगदी हळू म्हणाला, “मला आधी एकदा विचारायचं तरी होतंस.”

“नाय म्हणाला असतास?”

“नाय.”

“मग?”

तो असा काही हसला की मला आबांच्या पाठीमागे तोंडावर पदर धरावा लागला.