तीन पंधराचं चित्र

जंगलातल्या टेहळणी मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याची मुलगी दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या चपलांना अजून राख होती.

"माझे बाबा झोपले होते, असं वणव्याच्या अहवालात येणार आहे. उद्या सही होईल. ते झोपले नव्हते!"

दादाने खुर्ची पुढे केली. त्याची धाकटी बहीण पन्नाशीची, गावभर नाव असलेली गुप्तहेर. घरात मात्र अजून छोटीच.

"झोपले असते तरी वासाने जाग आली असती की," दादा समजुतीने म्हणाला. "एवढा धूर!"

"आजारपणानंतर बाबांना वासच येत नसे. कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी गेली असती."

दादाने जीभ चावली.

वणव्याने जंगल साफ केलं होतं. दगडी मनोरा तेवढा उभा होता. म्हातारा वर खाटेवर गुदमरून मेला होता. खाली त्याच्या मोटरसायकलचा सांगाडा. सीटवर निळं प्लास्टिक वितळून चिकटलेलं, दोन्ही चाकांना तार करकचून आवळलेली.

"धुळीचं वादळ आलं की बाबा गाडी अशी झाकायचे," मुलगी म्हणाली. "एरवी कधीच नाही."

छोटी बराच वेळ त्या तारेकडे बघत राहिली. दादाला त्यात बघण्यासारखं काय आहे ते कळेना.

उपग्रहाच्या चित्रांवरून धूर आणि धूळ हेरणारी खोली शहरात होती. तिथले साहेब घाईत होते.

"मी दिवसभर बैठकीत होतो. मनोऱ्यावर तीनपर्यंत आकाश स्वच्छ होतं, मग सगळं काळवंडलं. तीन पस्तीसला मनोऱ्याची फोनची तार जळाली. ती तार फक्त याच खोलीत येते."

तंत्रज्ञ गच्चीवरून उतरला, हात ग्रीसने माखलेले.

"दुपारभर मी अँटेनापाशी होतो, ताई. चित्रं? चित्रावर छापलेली वेळ उपग्रहाने टिपल्याची. आमच्या पडद्यावर यायला पंचवीस मिनिटं जातात. धूळ तपकिरी दिसते, धूर निळसर करडा. शेंबडं पोरही ओळखेल!"

चित्र वाचणाऱ्याने नोंदवही स्वतःहून उघडली. अक्षर मोत्यासारखं. 'तीन पंधरा. चित्रात धूर दिसला. लगेच मनोऱ्याला फोन. उत्तर नाही.'

"मी जागेवरून हललो नाही. म्हातारा डाराडूर झोपला असणार."

छोटीने सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं.

"तीननंतर काळवंडलं आणि त्यानंतर कुणीतरी गाडी झाकली, तारेने बांधली. झोपलेला माणूस ते करत नाही. वणवा येतोय हे कळलेला माणूसही करत नाही. तो गाडीला किक मारून पळतो."

"म्हणजे त्याला धूळ वाटली!" दादा म्हणाला.

"वाटली नाही, दादा. वास येत नव्हता, म्हणून त्याने विचारलं. तार फक्त या खोलीत येते. साहेब बैठकीत, हे गच्चीवर. फोनपाशी एकच माणूस."

चित्र वाचणारा हसला. "माझी नोंद वाचलीत ना?"

"तीच तर वाचली. तीन पंधराचं चित्र तुमच्यासमोर आलं तीन चाळीसला. तोवर तार जळून पाच मिनिटं झाली होती. तीन पंधराला तुम्ही धूर बघितला कुठे? नोंद नंतर लिहिलीत, चित्रावरची वेळ बघून. मनोऱ्यातून फोन आला, तेव्हा समोर आगीच्या आधीचं जुनं चित्र होतं."

चित्र वाचणाऱ्याने नोंदवही मिटली.

"तपकिरी होतं," तो कसाबसा म्हणाला. "जंगलाच्या कडेला सगळं तपकिरीच होतं, धूर कुठेच नव्हता. मी धूळ म्हणालो. नवं चित्र येईपर्यंत थांबायला हवं होतं... नाहीतर निदान, खाली उतरा, एवढं तरी सांगायला हवं होतं."

साहेबांनी अहवाल पुढे ओढला आणि एक ओळ खोडली. रेघ वाकडी आली.

मुलगी चित्र वाचणाऱ्याकडे वळली.

"बाबा काय म्हणाले?"

त्याने मान वर केली नाही.

"बरं झालं विचारलं, म्हणाले. गाडी झाकतो, खिडक्या लावतो नि जरा पडतो." त्याने नोंदवही दूर सारली. "आणि म्हणाले, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."